तिपेडी दोराला पेशी धरते कुठे? कोलॅजन आणि रिसेप्टर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जखम कशी भरते यावर लेख होता. त्यात ‘पेशी कोलॅजनला धरून पुढे सरकते’ असे एक वाक्य होते आणि पुढे त्याचा काहीच उलगडा नव्हता. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्या एका वाक्यावरच आहेत. ‘धरते म्हणजे नेमके काय करते?’ हा सगळ्यांचा सूर. कोलॅजन म्हणजे त्वचा, कंडरा यांना बांधून ठेवणारे दोरासारखे प्रथिन आणि रिसेप्टर म्हणजे ते ओळखून धरणारे, पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. प्रश्न थोडे आटोपते करून घेतले आहेत, उत्तरे मात्र जिथे गरज वाटली तिथे लांबली आहेत.

कोलॅजन म्हणजे एकसारखा लांबलचक धागा. मग त्यातली नेमकी जागा रिसेप्टरला कशी कळते? वर्गात ‘कुलूप आणि किल्ली’ असे सांगितले तर चालेल का?
*कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, परभणी*

चालेल, पण अर्धेच काम होईल. त्यापेक्षा वर्गात दोर घेऊन जा. पोळ्याच्या बाजारात मिळणारा तिपेडी कासरा उत्तम, अंबाडीचा मिळाला तर फारच छान. त्याचा एक पेड सोडवून पाहा. पेडाला जो पीळ असतो त्याच्या उलट्या दिशेने तिन्ही पेड एकमेकांवर वळलेले असतात, म्हणून दोर आपोआप उलगडत नाही. कोलॅजनमध्ये हेच आहे. प्रत्येक साखळीचा पीळ डावा आणि तिन्हींचा मिळून उजवा. ही रचना १९५४-५५ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मांडली. आपल्या देशात झालेले हे काम पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले जाते, याची खंत वाटते.

आता मापे. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचा एक रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड असतो. प्रत्येक पेडात सुमारे हजार अमिनो आम्ले असतात आणि दर तिसरे ग्लायसिनच असते. कारण साधे आहे. पिळाच्या गाभ्यात तीन पेड इतके दाटीने बसतात की तिथे ग्लायसिनचा एकटा हायड्रोजन मावतो, दुसरे काही मावत नाही. उरलेल्या दोन जागांवरची अमिनो आम्ले बाहेर तोंड करून बसतात. रिसेप्टर वाचतो तो हाच बाहेरचा भाग. त्यात प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन भरपूर, म्हणून लांबून सगळे सारखे दिसते. पण अधूनमधून वेगळी अक्षरे, म्हणजे वेगळी अमिनो आम्ले, येतात आणि तिथेच पकड बसते.

सर्वांत नीट अभ्यासलेली जागा म्हणजे जी-एफ-ओ-जी-ई-आर. ग्लायसिन, फेनिलअॅलॅनिन, हायड्रॉक्सिप्रोलिन, ग्लायसिन, ग्लुटामेट, आर्जिनिन अशी सहा अमिनो आम्ले ओळीने. पहिल्या प्रकारच्या कोलॅजनच्या अल्फा-१ साखळीत ती ५०२ ते ५०७ या क्रमांकांवर येतात. एका अमिनो आम्लामागे लांबी वाढते ०.२९ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ही अख्खी जागा पावणेदोन नॅनोमीटरची. तीनशेपैकी पावणेदोन! पन्नास हात दोरात अर्ध्या वितीहून थोडी मोठी खूण, एवढेच तिचे प्रमाण.

ही खूण ओळखतो अल्फा-२ बीटा-१ इंटिग्रिन हा रिसेप्टर. त्याच्या अल्फा-२ भागातून सुमारे २०० अमिनो आम्लांचा एक गोळा बाहेर आलेला असतो, त्याला आय-डोमेन म्हणतात. गोळ्याच्या माथ्यावर उथळ खाच असते आणि खाचेच्या तळाशी मॅग्नेशियमचा एक आयन. कोलॅजनमधल्या ग्लुटामेटचे टोक थेट या आयनला लागते. शेजारचे आर्जिनिन आय-डोमेनवरच्या ऋणभारित जागेला ओढले जाते आणि फेनिलअॅलॅनिन कडेला टेकते. २००० साली या जोडीची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तिन्ही पेड सारखे काम करत नाहीत. ते एकमेकांपासून एकेका अमिनो आम्लाने मागेपुढे सरकलेले असतात, त्यामुळे खाचेला लागतात ते मुख्यतः दोनच. पेड सुटा केला तर त्यातली अक्षरे तीच राहतात, पण ही मांडणी मोडते आणि पकड सुटते. म्हणजे अक्षरे हवीत आणि पीळही हवा. या पानावरच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचे मूळ इथे आहे.

नेमकेपणा किती? ग्लुटामेटच्या जागी अॅस्पार्टेट घातले तर पकड नाहीशी होते. दोघांचा विद्युतभार तोच, टोकही तेच. फरक आहे एका कार्बनच्या लांबीचा. हात तेवढा आखूड पडतो आणि मॅग्नेशियमपर्यंत पोचत नाही.

कुलूप-किल्ली अपुरी पडते ती यापुढे. कोलॅजन लागल्यावर आय-डोमेन आपला आकार बदलते. माथ्याजवळचे एक छोटे वेटोळे उलगडते आणि शेवटचे वेटोळे सुमारे एक नॅनोमीटर खाली सरकते. तो हिसका रिसेप्टरच्या बुंध्यातून पेशीच्या आत पोचतो. उलट दिशेनेही चालते. पेशीला आतून निरोप मिळाला की ती हेच कुलूप बाहेर पकड घ्यायला तयार करून ठेवते. रक्तातल्या शांत प्लेटलेटवर (गुठळी धरून रक्त थांबवणारी बारीक पेशी) हे इंटिग्रिन बहुतांशी मिटलेले असते. किल्ली लागली की कुलूप रूप पालटते आणि घरातला माणूस आतून त्याला तयार करून ठेवतो, असे सांगा. मुलांच्या लक्षात राहील.

बाकीचे रिसेप्टर वेगळ्या खुणा वाचतात. प्लेटलेटवरचा जीपी-६ हा ग्लायसिन-प्रोलिन-हायड्रॉक्सिप्रोलिन ही त्रयी पुन्हापुन्हा आलेली पट्टी ओळखतो आणि त्याला धातूचा आयन लागत नाही. डीडीआर-१ आणि डीडीआर-२ हे जी-व्ही-एम-जी-एफ-ओ ही जागा पाहतात. पांढऱ्या पेशींवरचा लेअर-१ जीपी-६ सारखीच पट्टी वाचतो, पण अर्थ उलटा लावतो. प्लेटलेटला ती पट्टी ‘ऊठ’ म्हणते आणि पांढऱ्या पेशीला ‘शांत बस’. पाटी एकच, वाचणारा बदलला की हुकूम बदलतो.

पेशी चिकटण्याचा प्रयोग करते आहे. कधी पेशी कोलॅजन, जिलेटिन (पीळ सुटलेले कोलॅजन) आणि कोऱ्या वेलला (प्लेटमधल्या लहान खळग्याला) सारख्याच चिकटतात, कधी कुठेच चिकटत नाहीत. चूक कुठे?
*एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान, नांदेड*

तुमच्या पत्रात दोन वेगळे दोष मिसळले आहेत. ते सुटे करून पाहू.

सगळीकडे सारख्या चिकटतात तेव्हा पहिला संशय सीरमवर. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही चिकट प्रथिने असतात. प्लॅस्टिकवर ती आपोआप बसतात आणि पेशी त्यांना आपल्या दुसऱ्या इंटिग्रिनने धरतात. त्यातही फायब्रोनेक्टिनची जिलेटिनशी खास मैत्री आहे, इतकी की फायब्रोनेक्टिन शुद्ध करायला जिलेटिनचाच स्तंभ वापरतात. म्हणजे सीरम राहिले तर जिलेटिनच्या वेलमध्ये तुम्ही फायब्रोनेक्टिन मोजता आणि वहीत कोलॅजन लिहिता. पेशी सोडवल्यापासून मोजणी होईपर्यंत सीरमचा थेंब नको. पेशी सोडवणारे ट्रिप्सिन हे विकर थांबवायलाही सीरम न वापरता सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर वापरा. कोरी वेल पेशींनी भरली जात असेल तर ब्लॉकिंग (प्लॅस्टिकची रिकामी जागा बीएसए या प्रथिनाने झाकणे) कमी पडले आहे.

कुठेच चिकटत नाहीत तेव्हा ट्रिप्सिन आणि ईडीटीए यांच्याकडे पाहा. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवले तर ते पेशीवरचे रिसेप्टरच कापते. ईडीटीए उरले तर ते मॅग्नेशियम काढून घेते, मग खाचेच्या तळाशी काही उरत नाही. पेशी सुटायला लागल्या की लगेच थांबा. नंतर ईडीटीए नसलेल्या बफरमध्ये दोनदा धुवा आणि ३७ अंशांवर १५-२० मिनिटे विसावू द्या.

मांडणी अशी करा. कोलॅजन १० मिलिमोलर अॅसेटिक आम्लात मि.ली.ला १० मायक्रोग्रॅम, ९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर, रात्रभर ४ अंशांवर. रात्रभरच आणि फ्रिजमध्येच. मे महिन्यात नांदेडला लाइट गेल्यावर बाकावरचे तापमान चाळिशी ओलांडते आणि सस्तन प्राण्यांचे द्रावणातले कोलॅजन त्याच पट्ट्यात उलगडायला लागते. सकाळी तुमच्या प्लेटवर कोलॅजनऐवजी जिलेटिन बसलेले असेल आणि डोळ्यांना फरक कळणार नाही. दुसऱ्या दिवशी धुऊन बीएसए लावा, एक तास. मग पेशी, वेलमागे सुमारे ५० हजार, ३७ अंशांवर ३० ते ४५ मिनिटे. त्याहून जास्त नको. वेळ गेला की पेशी स्वतःच फायब्रोनेक्टिन बनवून खाली अंथरतात.

शेजारी हव्यात त्या वेल: कोलॅजन आणि २ मिलिमोलर मॅग्नेशियम, कोलॅजन आणि ५ मिलिमोलर ईडीटीए, नुसते बीएसए, फायब्रोनेक्टिन, आणि ६० अंशांवर अर्धा तास तापवलेले कोलॅजन. पहिलीत पेशी आहेत, ईडीटीएच्या वेलमध्ये नाहीत, बीएसएमध्ये नाहीत, असे दिसल्याशिवाय पुढचे आकडे काढूच नका. तापवलेल्या वेलमध्ये चिकटणे उतरले तर तुमची पकड पिळावर अवलंबून आहे हे सिद्ध होते. तिथे थोड्या पेशी राहिल्या तरी घाबरू नका. पीळ सुटल्यावर आर-जी-डी (आर्जिनिन, ग्लायसिन, अॅस्पार्टेट) ही आत दडलेली जागा उघडी पडते आणि ती दुसरे इंटिग्रिन ओळखतात.

दोन बारकावे, ज्यांच्यात आठवडे जातात. मॅग्नेशियमऐवजी मँगनीज घातले की पकड घट्ट होते, म्हणून ते बरेच जण वापरतात. पण फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये मँगनीज टाकले की गढूळ साका खाली बसतो आणि तो पेशींसारखाच रंग धरतो. तिथे ट्रिस किंवा हेपेस घ्या. दुसरे, पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम मजबूत. डिस्टिलेशनचा कॉइल पांढरा झाला असेल किंवा नुसत्या आरओच्या पाण्यात बफर केला असेल, तर ‘मॅग्नेशियम नसलेली’ वेल खरी तशी नसते. शिवाय हे इंटिग्रिन मॅग्नेशियमवर चालते, कॅल्शियमवर नाही. कॅल्शियम वाढले तर पकड उलट ढिली होते.

धुताना पिपेट वेलच्या भिंतीला टेकवून सोडा, मधोमध धार मारू नका. तीन वेळा पुरे. मग फिक्स करून ०.१ टक्का क्रिस्टल व्हायोलेट, भरपूर पाण्याने धुणे, १० टक्के अॅसेटिक आम्लात रंग सोडवणे आणि ५९० नॅनोमीटरला वाचन.

बीडहून आलेल्या नमुन्यात कोलॅजनला प्लेटलेटचा प्रतिसाद सपाट आला. रुग्णाला जीपी-६ चा दोष आहे असे लिहावे का?
*पॅथॉलॉजी तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर*

इतक्यात नाही. आधी सांगा, नमुना बर्फाच्या डब्यात आला का? तुमच्या पत्रात ‘कोल्ड चेन पाळली’ असे अभिमानाने लिहिले आहे आणि दोष बहुधा त्यातच आहे. गारठ्यात प्लेटलेटचा चपटा आकार जाऊन ती गोल होते, आपोआप गुठळ्या धरते किंवा ढिम्म बसते. तपासणीसाठी ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. एप्रिल-मेमधल्या बीडच्या खोलीचे तापमान ते नव्हे. थर्माकोलच्या डब्यात, बर्फ न घालता, एसी गाडीत किंवा उन्हाआड, असा नमुना यायला हवा आणि रक्त काढल्यापासून चार तासांत तपासणी संपायला हवी. बीडहून रस्त्यातच अडीच-तीन तास जातात. खरे तर अशा रुग्णालाच संभाजीनगरला बोलावणे शहाणपणाचे.

रक्त ३.२ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये, नऊ भागांस एक. सुई २१ गेजची, पट्टा हलका, पहिली नळी दुसऱ्या कामाला. अर्धा तास स्थिर ठेवून २०० जी वेगाने १० मिनिटे फिरवा, ब्रेक न लावता. वरचा प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या पिपेटने घ्या.

आता अभिकर्मक. आपण वापरतो ते कोलॅजन तंतूंच्या रूपात असते, सुट्या रेणूंच्या नव्हे. जीपी-६ ची एकेकटी पकड फार दुबळी. बरेच रिसेप्टर एकाच तंतूवर शेजारी शेजारी जमले तरच आतला संदेश उठतो. म्हणून तंतू हवेत. ते कुपीच्या तळाशी बसतात, तेव्हा दर वेळी नीट हलवून घ्या. एकदा गोठलेली कुपी फेकून द्या. सुरुवात मि.ली.ला २ मायक्रोग्रॅमने करा. प्लेटलेट गुठळ्या धरताना यंत्र जो आलेख काढते त्यात आधी थोडा वेळ काहीच होत नाही, क्वचित रेषा किंचित उलटी जाते, मग घसरण सुरू होते. तो उशीर कोलॅजनचा स्वभाव आहे. त्याला दोष समजून यंत्र बंद करणारे तंत्रज्ञ आहेत, म्हणून लिहिले.

सायट्रेटने मॅग्नेशियमही बांधले जाते. त्यामुळे या नळीत अल्फा-२ बीटा-१ ची धाव कमी आणि जीपी-६ चीच मुख्य परीक्षा होते. तरीही निदान एका रेषेवर करू नये. अॅराकिडोनिक आम्ल या दुसऱ्या अभिकर्मकालाही प्रतिसाद सपाट आणि कमी मात्रेचे कोलॅजन मंद, पण मात्रा १० पर्यंत वाढवल्यावर प्रतिसाद सुधारतो? रुग्णाने अॅस्पिरिन घेतले आहे. सर्दीची किंवा अंगदुखीची गोळी म्हणून घेतले असेल आणि ‘औषध काही नाही’ असे सांगितले असेल. ७ ते १० दिवस बंद ठेवून पुन्हा बोलवा. रिस्टोसेटिन हे अभिकर्मक सोडून सगळेच सपाट असेल तर विचार ग्लांझमनचा, म्हणजे प्लेटलेट एकमेकींना धरू न शकण्याच्या जन्मजात विकाराचा. एकटे कोलॅजनच सपाट, मात्रा वाढवूनही सपाट, ताज्या नमुन्यात दोनदा सपाट आणि त्याच वेळी निरोगी माणसाचा नमुना बरोबर, तर मग फ्लो सायटोमेट्रीने जीपी-६ मोजायला पाठवा.

कोलॅजनची पावडर महिन्याला बऱ्यापैकी पैसे घेते. त्यापेक्षा पायाचा रस्सा बरा का? दोन्हींतले कोलॅजन त्वचेला जाऊन लागते का?
*गृहिणी, लातूर*

थेट जाऊन लागत नाही, दोन्हींतले नाही. पाये चार-पाच तास शिजले की कोलॅजनचा पीळ सुटतो आणि जिलेटिन होते. रात्री उरलेला रस्सा सकाळी थलथलीत होतो तो त्यामुळेच. गार होताना सुटे पेड थोडेफार पुन्हा एकमेकांत अडकतात. पावडरमध्ये तर तेच जिलेटिन विकराने आणखी बारीक तोडलेले असते, म्हणून ती गार पाण्यातही विरघळते आणि थिजत नाही. पोटात गेल्यावर दोन्हींची अमिनो आम्ले आणि दोन-तीन दुव्यांचे तुकडे होतात. त्या तुकड्यांत ना पीळ, ना वर सांगितलेली सहा अक्षरांची खूण. त्वचेतल्या पेशीचे कोलॅजन रिसेप्टर त्यांना कोलॅजन म्हणून ओळखत नाहीत.

शरीर आपले कोलॅजन स्वतः विणते आणि ते काम क जीवनसत्त्वावाचून अडते. प्रोलिनचे हायड्रॉक्सिप्रोलिन करणाऱ्या विकरातले लोह कामाच्या स्थितीत ठेवायला ते लागते. हायड्रॉक्सिप्रोलिन नाही तर अंगाच्या उबेलाही पीळ टिकत नाही. स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते ते या कारणाने. एखादा आवळा किंवा पेरू, सोबत पुरेशी डाळ-उसळ किंवा अंडी. पायाचा रस्सा चवीसाठी खा, त्याला आमची काहीच हरकत नाही.

फुरसे चावलेल्या माणसाचे रक्त थांबत नाही. विष प्लेटलेटची कोलॅजनवरची पकड तोडते का?
*प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका, धाराशिव जिल्हा*

प्रश्न नेमका आहे. पकड तोडणारी विषे आहेत, पण फुरशाच्या दंशात मुख्य कारण दुसरे. त्याच्या विषातले एकॅरिन हे प्रथिन रक्तातल्या प्रोथ्रॉम्बिनला थेट चालू करते. अंगभर बारीक गुठळ्या होत राहतात आणि फायब्रिनोजेन संपून जाते. मग खऱ्या जखमेपाशी गोठायला माल उरत नाही. दुसरा घाव कोलॅजनवर पडतो. विषातली धातुयुक्त विकरे केशवाहिन्यांच्या अस्तरातले चौथ्या प्रकारचे कोलॅजन कुरतडतात. भिंतच विरविरीत झाली की रक्त झिरपते. हिरड्या, दंशाची जागा, लघवी, सगळीकडून.

रिसेप्टरवर बसणारी प्रथिनेही सापडली आहेत. मध्य आशियातल्या फुरशाच्या एका भाऊबंदाच्या विषातले ईएमएस-१६ हे अल्फा-२ च्या आय-डोमेनला असे झाकते की कोलॅजनला जागाच राहत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका खुळखुळ्या सापाच्या विषातले कॉन्व्हल्क्सिन उलट करते. ते जीपी-६ ना एकत्र गोळा करून कोलॅजन नसतानाही प्लेटलेटला जागे करते. प्रयोगशाळेत जीपी-६ तपासायला ते वापरतात.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे २० मिनिटांची चाचणी, आणि ती बऱ्याच ठिकाणी चुकीची होते. शिरेतले ताजे २ मि.ली. रक्त नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्या. प्लॅस्टिकची नळी किंवा सिरिंज चालत नाही. रक्त गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते. साबणाने धुऊन वापरलेली नळीही नको, साबणाचा अंश गोठणे रोखतो आणि विष नसताना विष दिसते. २० मिनिटे नळीला हात लावू नका, मध्ये तिरकी करून ‘बघते’ असे नको. मग एकदाच कलती करा. रक्त वाहिले तर गोठण बिघडली आहे, डॉक्टरांना प्रतिविषासाठी लगेच कळवा. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा. गोठणारे घटक यकृताने नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. तासाभरात पुन्हा करून ‘गुण नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या चाचणीत रक्त गोठले तरी रुग्णाला घरी सोडू नका, बिघाड उशिराही दिसतो. दंशावर चीर देणे किंवा दोरी करकचून आवळणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्ताला नवी वाट करून देणे.

म्हशीच्या कंडरेतून कोलॅजन आम्हीच काढले तर रिसेप्टरच्या कामाला चालेल का?
*पशुवैद्यक विद्यार्थी, उदगीर*

चालेल, फक्त सगळे काम थंडीत करा. कंडरा ताजी घ्या, मांस आणि चरबी खरवडून काढा, बारीक चिरा, गार खारट पाण्यात धुवा. मग ०.५ मोलर अॅसेटिक आम्लात ४ अंशांवर दोन-तीन दिवस सावकाश ढवळा. ओल्या कंडरेच्या किमान ५० पट द्रावण ठेवा, नाही तर खळ होऊन ढवळणीचा दांडाच अडकतो. वयस्क जनावराच्या कंडरेत आडवे बंध इतके की नुसत्या आम्लात फार थोडे सुटते. तिथे पेप्सिन घालावे लागते. पेप्सिन टोकाचे मोकळे शेपूट कापते, पिळातला भाग त्याला तुटत नाही. इंटिग्रिन, जीपी-६ आणि डीडीआर यांच्या जागा पिळात असल्यामुळे त्या शाबूत राहतात. ट्रिप्सिन नव्हे, पेप्सिन, आणि आम्लातच. फिरवून गाळ काढा, मीठ घालून अवक्षेप पाडा, पुन्हा सौम्य आम्लात विरघळवून डायलिसिस करा.

तपासणी दोन प्रकारे. जेलवर कोलॅजनच्या अल्फा-१ आणि अल्फा-२ साखळ्यांच्या पट्ट्या साधारण दोनास एक अशा दिसल्या पाहिजेत. आणि द्रावणाचा पीएच गार असतानाच ७.४ करून ३७ अंशांवर ठेवले तर अर्ध्या-पाऊण तासात दुधाळ जेल जमायला हवा. जेल जमला नाही तर पेप्सिन जास्त झाले किंवा वाटेत कुठेतरी गरम झाले. पैठणच्या नाथसागरातल्या माशांची कातडी फुकट मिळते म्हणून तिचा विचार पत्रात आहे. माशाचे कोलॅजन म्हशीच्यापेक्षा कमी तापमानाला उलगडते. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ते दगा देण्याची शक्यता जास्त. त्या वाटेला जायचे तर प्रयोगाचे तापमान खाली आणा.

पेशींना कोलॅजन देऊन १० मिनिटांनी डीडीआर-१ चे फॉस्फोरिलेशन (रिसेप्टर चालू झाल्यावर त्याला फॉस्फेट जोडले जाणे) पाहिले, ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिनाची पट्टी दाखवणारी चाचणी) कोरा. अँटिबॉडी खराब आहे का?
*संशोधक विद्यार्थी, अंबाजोगाई*

अँटिबॉडी बिचारी निर्दोष असेल. इन्सुलिनचा रिसेप्टर मिनिटांत पेटतो, म्हणून सगळे टायरोसिन कायनेज (फॉस्फेट जोडून निरोप देणारे रिसेप्टर) तसेच असतील असे वाटते. डीडीआर संथ आहे. १९९७ मध्ये कोलॅजन हा त्याचा जोडीदार असल्याचे कळले तेव्हाच हा संथपणाही दिसला होता. त्याला तास लागतात आणि एकदा पेटल्यावर तो बराच काळ तसा राहतो. मि.ली.ला १० ते २० मायक्रोग्रॅम कोलॅजन देऊन दीड तास, चार तास आणि रात्रभर, असे तीन नमुने घ्या. पेशी फोडायच्या बफरमध्ये १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट घाला, आणि ते उकळून रंगहीन केलेले असू द्या, पिवळे नको. एका वेलमध्ये तापवलेले कोलॅजन ठेवा, तिथे पट्टी येता कामा नये. ईडीटीएने पट्टी गेली नाही तर बिचकू नका, या रिसेप्टरला धातूचा आयन लागतच नाही.